अनेक फ्रेम्स, एक सूर्यबिंब : हौशी सौर छायाचित्रणातील नॉइज-निवारणाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

रात्रीच्या आकाशातील एखाद्या अंधुक तेजोमेघाचे छायाचित्र घेणाऱ्या निरीक्षकाला प्रकाशाचे दारिद्र्य सोसावे लागते, आणि म्हणून अनेक छायाचित्रे एकमेकांवर जुळवून त्यांची सरासरी काढण्याचा, म्हणजे ज्याला आता सर्वत्र ‘स्टॅकिंग’ म्हणतात त्याचा, आश्रय त्याने केला तर त्याचे प्रयोजन कोणालाही सहज पटते. परंतु ज्या सूर्याचा प्रकाश एक लक्षांशापर्यंत खाली आणल्यावाचून डोळ्याने दुर्बिणीतून पाहताच येत नाही, त्याच्या छायाचित्रासाठीही हजारो फ्रेम्स घेऊन त्यांतील शेकडो एकत्र करण्याची आवश्यकता का भासावी, असा प्रश्न जाणत्यालाही पडतो. या प्रश्नाचे उत्तर गेल्या पाव शतकात बरेचसे स्पष्ट झाले आहे. मात्र त्या उत्तराच्या पोटातूनच आणखी चार प्रश्न निघाले. किती फ्रेम्स ठेवाव्यात, किती वेळ चित्रण चालू ठेवावे, एकत्रित प्रतिमेवर संस्कार किती करावेत, आणि अशा संस्कारित प्रतिमेला पुरावा म्हणून कितपत मान द्यावा, यांविषयी जाणकारांत प्रामाणिक मतभेद आहेत. त्या मतभेदांची मांडणी करून आज बाकी काय उरले आहे ते पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आणि विवेचनाला जमिनीचा आधार असावा म्हणून सोलापूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला वसलेल्या अक्कलकोटची, तेथील कोरड्या हवेची आणि काळ्या मातीची परिस्थिती दाखल्यादाखल घेतली आहे.

पूर्वपीठिका

सूर्याचे पहिले यशस्वी छायाचित्र फिझो आणि फूको या फ्रेंच शास्त्रज्ञांनी २ एप्रिल १८४५ रोजी डागेरोटाइप पद्धतीने घेतले. पुढे, १८६८ च्या खग्रास ग्रहणासाठी गुंटूरला येऊन गेलेल्या ज्यूल्स जान्सेन यांनी पॅरिसनजीकच्या म्यूदाँ येथे १८७० नंतरच्या दशकात सेकंदाचा अत्यल्प अंश एवढेच एक्स्पोजर देऊन दीप्तिगोलाचा, म्हणजे सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाचा, कणीदार पोत काचेवर उतरवला. एक्स्पोजर जितके अल्प तितकी वातावरणाची थरथर प्रतिमेत कमी मिसळते, आणि पुष्कळ काचा घेतल्या तर त्यांतील एखादी शांत क्षणी पडलेली असते, ही आजच्या पद्धतीची दोन्ही मूलतत्त्वे त्या कामात बीजरूपाने होती.

अनेक प्रतिमांतून एक प्रतिमा सिद्ध करण्याची कल्पनाही तितकीच जुनी आहे. फक्त तेव्हा ती गणिताने न होता हाताने होत असे. डिसेंबर १८७१ च्या दक्षिण हिंदुस्थानातील खग्रास ग्रहणाच्या काचांवरून विल्यम वेस्ली यांनी सूर्याच्या किरीटाची जी रेखाटने केली, त्यांत निरनिराळ्या काचांवरील तपशील एका चित्रात आणण्याचा परिश्रम होता. आणि त्याबरोबरच, कोणत्या काचेवरची कोणती रेषा खरी मानायची याचा निवाडा चित्रकाराच्या नजरेवर सोपवलेला होता.

सोलापूर जिल्ह्याचा या इतिहासाशी साक्षात संबंध २२ जानेवारी १८९८ रोजी आला. त्या दिवशीच्या खग्रास ग्रहणासाठी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी करमाळा तालुक्यातील जेऊर येथे आपला तळ दिला होता, आणि त्याच परिसरात अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल हे चाळीस फूट नाभ्यंतराचा कॅमेरा उभारून बसले होते. जेऊर आणि अक्कलकोट रोड ही दोन्ही स्थानके मुंबईहून सोलापूरमार्गे वाडीकडे जाणाऱ्या एकाच लोहमार्गावर आहेत, ही गोष्ट येथील निरीक्षकाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. पुण्याची ती वेधशाळा १९१२ साली बंद होऊन तिची उपकरणे कोडाईकनालला गेली, जेथे १९०४ पासून सूर्याचे दैनंदिन छायाचित्रण चालू झालेले होते.

गणिती अध्याय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उघडला. १९७० साली लाबेरी यांनी अल्पकालीन एक्स्पोजरच्या शेकडो प्रतिमांतून वातावरणाने झाकलेला तपशील परत मिळवता येतो हे दाखवले. १९७८ साली फ्रीड यांनी एखादी फ्रेम ‘भाग्यवान’ निघण्याची संभाव्यता सूत्रबद्ध केली. आणि २००० च्या सुमारास स्वस्त व्हिडिओ कॅमेरे हाती येताच कोर बेरेव्होएट्स यांचे रेजिस्टॅक्स आणि नंतर एमिल क्राइकॅम्प यांचे ऑटोस्टॅकर्ट या संगणकप्रणालींनी ही विद्या घरोघरच्या गच्चीवर आणून ठेवली. महाराष्ट्रात १९४४ पासून पुण्यात कार्य करणाऱ्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्थांनी हौशी निरीक्षणाची जी परंपरा जोपासली होती, तिला या साधनांमुळे नवे क्षेत्र मिळाले.

नॉइजचे दोन वर्ग

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रकाश हा कणाकणाने येतो आणि कणांची संख्या प्रत्येक क्षणी किंचित कमीअधिक होते. ही चढउतार संख्येच्या वर्गमूळाइतकी असते. सौर छायाचित्रणात वापरल्या जाणाऱ्या एखाद्या संवेदकाच्या पिक्सेलमध्ये सुमारे ३०,००० इलेक्ट्रॉन मावतात असे धरले आणि तो पाऊण भरला, तर २२,५०० इलेक्ट्रॉनांमागे १५० ची चढउतार, म्हणजे सुमारे ०.६७ टक्के इतका नॉइज येतो. लहान दुर्बिणीतून दिसणाऱ्या दीप्तिगोलाच्या कणीदार पोताचा उठाव काही टक्के असतो. तेव्हा एकाच फ्रेममध्येही हा पोत नॉइजच्या वर असतो, आणि वरवर पाहता स्टॅकिंगची निकड दिसत नाही.

निकड दिसते ती तीव्रीकरणाच्या वेळी. दुर्बीण आणि वातावरण ही दोन्ही सूक्ष्म तपशिलाचा उठाव मंद करतात. तो पुन्हा वर आणण्यासाठी सूक्ष्म मापावरील भेद, समजा, दसपट करावे लागले, तर त्याच मापावरचा नॉइजही दसपट होऊन जवळजवळ सात टक्क्यांवर जातो आणि पोत त्यात बुडून जातो. शंभर फ्रेम्सची सरासरी काढली असता नॉइज शंभराच्या वर्गमूळाने, म्हणजे दहाने, भागला जातो आणि दसपट तीव्रीकरणानंतरही तो पुन्हा ०.६७ टक्क्यांवरच राहतो. सौर छायाचित्रणातील स्टॅकिंग ही अशा रीतीने पुढे होणाऱ्या खर्चाची आगाऊ केलेली तरतूद आहे.

परंतु वर्गमूळाचा हा नियम केवळ यादृच्छिक चढउतारीला लागू पडतो. संवेदकाच्या काचेवरील धूळ, पिक्सेलांची असमान संवेदनक्षमता, हायड्रोजन-अल्फाच्या, म्हणजे हायड्रोजनच्या तांबड्या प्रकाशाच्या, अरुंद पट्ट्यात दिसणारी न्यूटनची वलये, ही सर्व प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी असतात. हजार फ्रेम्सच्या सरासरीनंतरही ती तशीच राहतात, आणि भोवतालचा यादृच्छिक नॉइज ओसरल्यामुळे उलट अधिक ठळक दिसू लागतात. त्यांचा बंदोबस्त निराळा आहे : समतल प्रकाशाची ‘फ्लॅट’ प्रतिमा घेऊन तिने भागणे, वलयांसाठी कॅमेरा किंचित तिरका बसवणे, किंवा बिंब संवेदकावर हळूहळू सरकू देणे. सरकत्या प्रतिमांवरूनच संवेदकाची विषमता शोधून काढण्याची रीत कून, लिन आणि लोरांझ यांनी १९९१ साली मांडली. पुण्याच्या आयुका संस्थेत विकसित झालेली ‘सूट’ ही दुर्बीण आदित्य-एल१ यानावर आहे आणि जानेवारी २०२४ पासून ते यान पृथ्वीच्या वातावरणापासून पंधरा लक्ष किलोमीटर दूर आहे; तेथे हवेची थरथर नाही, तरीही संवेदकाच्या विषमतेचे आणि विखुरलेल्या प्रकाशाचे निराकरण टळलेले नाही. यादृच्छिक आणि नियमित दोषांतील हा भेद पुढील प्रत्येक वादाच्या मुळाशी आहे.

जागा आणि हवा : अक्कलकोटचा दाखला

फ्रीड यांच्या सूत्रात दुर्बिणीचा व्यास आणि वातावरणाचे एक वैशिष्ट्यदर्शक माप यांचे गुणोत्तर निर्णायक ठरते. दिवसा, जमीन तापलेली असता, हे माप दोन सेंटिमीटरांवर येऊ शकते. अशा हवेत दहा सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीला नऊ फ्रेम्समागे सुमारे एक चांगली फ्रेम लाभते. परंतु व्यास वीस सेंटिमीटर केला तर हेच प्रमाण दहा लक्षांत एकावर घसरते. तेव्हा मोठी दुर्बीण आणली की अधिक तपशील मिळेल ही समजूत मध्यान्हीच्या हवेत टिकत नाही, आणि फ्रेम्सची संख्या वाढवूनही हा तोटा भरून निघत नाही.

अक्कलकोटची काळी जमीन सूर्यप्रकाश शोषून लवकर तापते आणि तिच्यावरील हवेचे उष्ण स्तंभ दुर्बिणीसमोरून सतत वर चढत राहतात. रब्बीच्या ज्वारीने शिवार झाकलेले असताना, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, ही तापण्याची क्रिया सौम्य असावी आणि पीक निघाल्यावर उघड्या पडलेल्या, भेगाळलेल्या रानावर ती उग्र व्हावी, हे भौतिकीला धरून आहे. साडेसतरा अक्षांशावरील या गावी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य थेट माथ्यावर येतो. वातावरणाची जाडी तेव्हा किमान असते, पण जमिनीचा ताप त्या लाभाला पुरून उरतो. म्हणून सूर्योदयानंतर बिंब पुरेसे वर आलेले आहे आणि जमीन अद्याप तापलेली नाही, असा सकाळचा मर्यादित अवधी हाच येथे मोलाचा.

पाण्याचा आश्रय हा दुसरा उपाय. १९७५ साली अरविंद भटनागर यांनी स्थापिलेली उदयपूरची सौर वेधशाळा फत्तेसागर तलावातील बेटावर उभारली गेली, कारण पाणी जमिनीसारखे झपाट्याने तापत नाही. अक्कलकोट तालुक्यात बोरी नदीवरील कुरनूर धरणाचा जलाशय आहे; सकाळचा सूर्य पाण्यावरून दिसेल अशा पश्चिमेकडील काठावर दुर्बीण मांडली, तर उदयपूरचे तत्त्व लहान प्रमाणावर पडताळून पाहता येईल. हा मुद्दा प्रक्रियेच्या चर्चेत अवांतर वाटेल. तथापि चांगल्या हवेत घेतलेल्या दोनशे फ्रेम्स वाईट हवेतील दोन हजारांपेक्षा अधिक सांगतात, याबद्दल सर्व पक्षांत एकवाक्यता आहे.

किती फ्रेम्स ठेवाव्यात?

एकवाक्यता येथे संपते. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की, घेतलेल्या फ्रेम्सपैकी निम्म्या किंवा त्याहून अधिक ठेवाव्यात. कारण पुष्कळ फ्रेम्सच्या सरासरीत वातावरणाची अस्पष्टता सर्वत्र सारख्या, गुळगुळीत स्वरूपाची होते, आणि जिचे स्वरूप ठाऊक आहे अशी अस्पष्टता गणिताने उलटवणे सुकर असते. दुसरा पक्ष उत्तमांपैकी पाच-दहा टक्केच निवडतो. त्याचा युक्तिवाद असा की, एकदा पूर्ण पुसला गेलेला तपशील कोणतेही तीव्रीकरण परत आणू शकत नाही, म्हणून नॉइज थोडा अधिक पत्करावा पण अस्पष्टता पत्करू नये. तिसरा पक्ष संख्येने लहान असला तरी त्याची भूमिका दुर्लक्षणीय नाही : ज्या घटना क्षणिक आहेत, उदाहरणार्थ एका सेकंदाहून कमी वेळात बिंब ओलांडणारे आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक, तेथे त्या घटनेपुरती एकेक फ्रेम हाच अस्सल दस्तऐवज होय, आणि सरासरीने त्याची वेळच पुसली जाते.

पहिल्या दोन पक्षांतील तंटा प्रत्यक्षात हवेच्या स्थितीनुसार बराचसा मिटतो. स्थिर सकाळी पहिला आणि चंचल हवेत दुसरा सरस ठरतो. न मिटणारा भाग निवडीच्या कसोटीचा आहे. संगणकप्रणाली फ्रेमची गुणवत्ता ठरवते ती शेजारच्या पिक्सेलांतील भेदांवरून. परंतु नॉइज हाही शेजारच्या पिक्सेलांतील भेदच असल्यामुळे, हायड्रोजन-अल्फात दिसणाऱ्या आणि उठाव मुळात मंद असलेल्या वर्णगोलाच्या प्रतिमांत अधिक कणीदार फ्रेमला अधिक गुण मिळण्याचा धोका राहतो. त्यावर उपाय म्हणून परीक्षणापूर्वी प्रतिमा किंचित मृदू करण्याची सोय प्रणालींत असते. ती किती वापरावी हे मात्र निरीक्षकावर सोडलेले आहे.

प्रतिमा जुळवण्याच्या बिंदूंविषयीही हेच. सूर्यबिंब सुमारे ३२ कलांचे, म्हणजे १,९०० विकलांहून अधिक रुंद. आणि वातावरणाची थरथर काही विकलांच्या पलीकडे एकसारखी राहत नाही. म्हणून बिंबावर शेकडो बिंदू टाकून प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे जुळवावा लागतो. तुकडे मोठे ठेवले तर स्थानिक विरूपण शिल्लक राहते आणि फार लहान केले तर जुळणी नॉइजचाच पाठलाग करू लागते. मग सरासरीत जो पोत उमटतो तो सूर्याचा नसून जुळणीने निर्माण केलेला असतो. यादृच्छिक दोष नियमित दोषात रूपांतरित होण्याचा हा एक मार्ग होय.

काळाची मुदत

वर्गमूळाचा नियम अधिकाधिक फ्रेम्सचा मोह घालतो, पण सूर्य थांबून राहत नाही. सूर्यावरील एक विकला सुमारे ७२५ किलोमीटरांची. बिंबाच्या मध्याशी परिवलनाची गती सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर असल्यामुळे केवळ परिवलनाने सहा मिनिटांत एका विकलेची सरक पडते. दीप्तिगोलावरील कण आठ-दहा मिनिटांत विरून नवे उमलतात. आणि वर्णगोलात एखादा प्रवाह सेकंदाला वीस किलोमीटरांनी वाहत असेल तर तो ३६ सेकंदांतच एक विकला ओलांडतो. ६० मिलिमीटर व्यासाची दुर्बीण हायड्रोजन-अल्फात पावणेतीन विकलांहून लहान तपशील वेगळा करू शकत नाही, तेव्हा तिला अशा प्रवाहासाठी दीड मिनिटाची मुदत परवडते. १५० मिलिमीटरच्या दुर्बिणीला चाळीस सेकंदही फार. व्यास वाढला की मुदत आखडते, हे तत्त्व आता सर्वमान्य आहे. वादाचा मुद्दा एवढाच की, लांब चित्रण तुकड्यांत विभागून, मधल्या काळातील हालचाल गणिताने सावरून पुन्हा एकत्र करावे काय. तसे केल्याने संपूर्ण बिंबाची प्रतिमा फार स्वच्छ होते, पण सक्रिय प्रदेशांत काय बदलले आणि काय सावरले गेले हे प्रतिमेवरून ओळखता येत नाही.

तीव्रीकरण आणि यंत्रशिक्षण

एकत्रित प्रतिमेवरील संस्कारांत वेव्हलेट पद्धत सर्वांत रूढ. तीत निरनिराळ्या मापांचा तपशील स्तरांत वेगळा करून हवा तो स्तर उठवता येतो. रिचर्डसन यांनी १९७२ साली आणि लूसी यांनी १९७४ साली स्वतंत्रपणे मांडलेली डीकॉन्व्होल्यूशनची रीत अस्पष्टतेचे स्वरूप गृहीत धरून ती पावलापावलाने उलटवते. व्यावसायिक वेधशाळा याही पुढे गेल्या : ला पाल्मा येथील स्वीडिश दुर्बिणीसाठी फान नोर्ट आणि सहकाऱ्यांनी २००५ साली जी रीत सिद्ध केली, तीत सरासरी न काढता प्रत्येक फ्रेमची विकृती आणि सूर्याची प्रतिमा ही दोन्ही एकाच वेळी शोधली जातात. हौशी निरीक्षकांस ही रीत गणनेच्या भारामुळे अद्याप सर्रास परवडत नाही.

तीव्रीकरणाच्या अतिरेकाची लक्षणे परिचित आहेत : बिंबाच्या कडेला पांढरी किनार, सौरडागांभोवती खोटे वलय, कणीदार पोताच्या जागी किड्यांसारखी वळवळ. येथे दोन प्रामाणिक दृष्टी आढळतात. एका दृष्टीने हौशी छायाचित्र ही सौंदर्यकृतीही आहे, आणि उठाव, रंग, बिंबाची प्रकाशछटा उलट करून पृष्ठभाग उजळवणे हे कर्त्याचे स्वातंत्र्य आहे. दुसऱ्या दृष्टीने सूर्याचे प्रत्येक छायाचित्र हे तारीख-वेळेसह घेतलेले निरीक्षण आहे, आणि त्यात मोजता न येणारा फेरफार करू नये.

यंत्रशिक्षणाने हा भेद अधिक टोकदार झाला आहे. २०१८ साली असे दाखवण्यात आले की स्वच्छ प्रतिमा हाती नसतानाही, एकाच दृश्याच्या दोन नॉइजयुक्त प्रतिमांवरून संगणकीय न्यूरल जाळ्याला नॉइज-निवारण शिकवता येते. आणि २०१९ साली दियाझ बासो व सहकाऱ्यांनी ते तत्त्व सौर प्रतिमांना लावले. अनुकूल पक्ष म्हणतो की, सूर्याच्याच निरीक्षणांवर शिकलेले जाळे ही एक काटेकोर सांख्यिकी पद्धत आहे आणि तिने काळाच्या मुदतीची अडचण दूर होते, कारण थोड्या फ्रेम्स पुरतात. प्रतिकूल पक्ष निदर्शनास आणतो की, बाजारात मिळणारी पुष्कळ साधने सामान्य छायाचित्रांवर किंवा ताऱ्यांच्या चित्रांवर शिकलेली आहेत. त्यांनी सूर्यावर उमटवलेला पोत विश्वसनीय दिसतो, आणि जुन्या खोट्या वलयांसारखा डोळ्याला ओळखू येत नाही. वेस्ली यांच्या रेखाटनांत चित्रकाराच्या नजरेवर सोपवलेला निवाडा येथे यंत्राच्या पूर्वशिक्षणावर सोपवला जातो. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच, की निवाड्याची कैफियत कोणाला तपासता येते काय.

अनिर्णीत बाबी

तीन बाबी निकालात निघालेल्या नाहीत. पहिली, मंद उठावाच्या प्रतिमेत नॉइज आणि तपशील यांना वेगळे करणारी, सर्व हवामानांत टिकणारी गुणवत्तेची कसोटी. दुसरी, पडताळणीचा शिरस्ता. पांढऱ्या प्रकाशातील प्रतिमांसाठी २०१० साली सोडलेल्या सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरीच्या प्रतिमा, आणि हायड्रोजन-अल्फासाठी गाँग या जागतिक जाळ्यातील, ज्यात उदयपूरही आहे, मिनिटामिनिटाच्या प्रतिमा उपलब्ध असतात. अक्कलकोटहून घेतलेल्या चित्रातील एखादा संशयित तंतू त्याच मिनिटाच्या प्रतिमेशी ताडून पाहणे शक्य आहे. परंतु हौशी दुर्बिणीचा तपशील त्या प्रतिमांहून सूक्ष्म असेल तेथे ही साक्ष अपुरी पडते, आणि तेथे दोन निरीक्षकांनी दोन ठिकाणांहून एकाच वेळी केलेले चित्रण हाच उत्तम पुरावा ठरतो. तिसरी बाब प्रकटीकरणाची : यंत्रशिक्षणाचा वापर जाहीर करावा हे बहुतेकांस मान्य आहे, मात्र वेव्हलेटचे मूल्य, ठेवलेल्या फ्रेम्सचे प्रमाण आणि चित्रणाचा कालावधी यांचा तपशील देण्याची रीत सार्वत्रिक झालेली नाही.

समारोप

आजवरच्या वाटचालीतून निघणारा निष्कर्ष असा : यादृच्छिक नॉइजचा प्रश्न गणिताने तत्त्वतः सोडवलेला आहे, आणि आता वादाचा सगळा भार नियमित दोषांवर आला आहे, मग ते संवेदकाचे असोत, जुळणीचे असोत, तीव्रीकरणाचे असोत वा शिकलेल्या यंत्राचे. सरासरीने ते जात नाहीत. ते ओळखू येतात फक्त नोंदीवरून आणि तुलनेवरून. म्हणून पक्ष कोणताही असो, प्रत्येक सौर छायाचित्रासोबत तारीख, वेळ, दुर्बिणीचा व्यास, फिल्टर, घेतलेल्या व ठेवलेल्या फ्रेम्सची संख्या, कालावधी आणि संस्कार यांचे दप्तर असावे, आणि तीव्रीकरणापूर्वीची एकत्रित प्रतिमा जशीच्या तशी जतन करावी, ही मागणी कोणाच्याही स्वातंत्र्यावर घाला न घालता करता येते. कोडाईकनालच्या शंभर वर्षांपूर्वीच्या काचांचे आज अंकीकरण होऊन, त्या घेणाऱ्यांच्या स्वप्नातही नसलेल्या पद्धतींनी त्यांवर संशोधन चालू आहे. ते शक्य झाले याचे एक मोठे कारण काचांबरोबर त्यांच्या तारखा आणि वेळाही टिकल्या हे आहे. हौशी निरीक्षकाच्या प्रतिमेलाही हे भाग्य लाभू शकेल, जर त्याने आजच्या सुबक चित्राइतकीच उद्याच्या पुनर्तपासणीची काळजी वाहिली.